वहीत न चढलेली चोरी

आमच्या घरात भुतांपेक्षा चोरांच्या गोष्टी जास्त. आजीची एक, थोरल्या काकांची दुसरी, खोपोलीच्या आत्याची तिसरी. आणि चुलत आजोबांकडं तर चोरांची अख्खी वहीच. ते गावचे पोलीस पाटील, त्यांच्या आधी त्यांचे वडील. लाल कापडात बांधलेली ती लांबोडकी वही देवघरावरच्या फळीवर असायची. सणासुदीला घरची माणसं जमली की कुणीतरी ती काढायला लावायचं. आजोबा चष्मा चढवून, घसा खाकरून वाचत. कार्तिकात अमक्याच्या खळ्यावरून भाताचे दोन भारे गेले, संशय वाडीवरच्या कातकऱ्यावर. पुढच्या पानावर फॉरेस्टच्या हद्दीत झाडांचे टाळ तोडताना धरलेला कुणी. त्याच्या पुढं हातभट्टी. आम्ही पोरं कान देऊन ऐकायचो. आजी मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "त्यांच्या वहीत आर्धं गाव हाय. आर्ध्याचा पत्ताच नाय."

आमचं गाव कर्जत तालुक्यात, कडावच्या पुढं. उगवतीला सह्याद्री, मावळतीला माथेरानचा डोंगर, मध्ये पेज आणि उल्हास नद्यांची भातखाचरं. खाली दक्षिणेला खालापूर, तिथून पाताळगंगा वाहते. हा सगळा टापू पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. 1891 साली कर्जत कुलाब्याला जोडला गेला आणि 1981 च्या जानेवारीत कुलाब्याचा रायगड झाला. जिल्ह्याची नावं बदलली तरी वाडीवरच्या माणसांचा पत्ता बदलला नाही: अमक्याच्या जागेत, तमक्याच्या मेहेरबानीवर.

मुंबईच्या चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या दारिद्र्यावर, तिथल्या टोळ्यांवर आणि गुत्त्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. पण मुंबईत उतरलेलं दारिद्र्य आधी कुठल्यातरी स्टेशनावर गाडीत बसलेलं असतं. आमच्याकडं ते कर्जत, नेरळ आणि खोपोलीला बसलं. वडीलधाऱ्यांच्या गोष्टी एकापुढं एक मांडल्या की त्या प्रवासाचा माग लागतो.

थोरले काका कर्जतला बँकर शेडमध्ये खलाशी होते. पुण्याची गाडी कर्जतला थांबायची, मागून ढकलणारं इंजिन लागायचं, तोवर वडेवाले डब्याडब्याशी ओरडत फिरायचे. घाटाच्या गोष्टी काकांनी जुन्या कामगारांकडून ऐकलेल्या. ते सांगत, "बोगद्याच्या तोंडाशी नारळ फोडायची आमच्या वेळची माणसं. इंजिनाला नव्हं. आत मेलेल्यांना."

काकांच्या या वाक्याला इतिहास आहे. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. 1858 मध्ये खंडाळ्याहून पुण्याची गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र बांधायचा होता, त्यामुळं उतारू खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळा गाठायचे. बोरघाटाचं काम सात वर्षं चाललं, पंचवीस बोगदे फोडले गेले, आणि 21 एप्रिल 1863 ला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला. 1861 साली ऐन कामाच्या भरात एका वेळी बेचाळीस हजार माणसं या घाटात राबत होती. पटकीच्या साथीनं, सुरुंगांनी, कड्यावरून पडून हजारो गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, ठेका पुरा करून घेतला, हे रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात असतं. बेचाळीस हजारांपैकी एकाचंही नाव त्यात नसतं.

ट्रेडवेलच्या आधी हा ठेका फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडं होता. 1859 च्या जानेवारीत मजुरी वेळेवर मिळेना, म्हणून घाटातले मजूर गोऱ्या मुकादमांवर उठले. सरकारदरबारी तो दंगा. दोनच महिन्यांत फॅव्हिएलनं ठेका सोडला, तो मात्र व्यवहार. पुढं 1860 मध्ये मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा झाला. पण 1859 सालीच आणखी एक कायदा झाला होता, आणि आमच्या भागाची गोष्ट मला त्यातच सापडते. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला, मजुराला मॅजिस्ट्रेटपुढं खेचायचं. त्यानं काम करावं नाहीतर पैसे परत द्यावेत, आणि दोन्ही झालं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. हा कायदा आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांपुरता होता आणि इतर ठिकाणी लागू करायची मुभा सरकारनं स्वतःकडं ठेवली होती. तो 1926 पर्यंत टिकला. उचल घेणारा पळाला की गुन्हेगार. उचल देऊन माणूस बांधून ठेवणारा कोण, हा प्रश्न कायद्याला तेव्हा पडला नाही. तो पडायला 1976 उजाडलं. मधल्या एकशे सतरा वर्षांत आमच्या टापूत काय चाललं होतं, ते आजीला विचारावं.

आजीच्या गोष्टीत पहिला चोर म्हणजे तिचा स्वतःचा बाप. भाताचा राब, म्हणजे रोपांचा वाफा, करायचा तर जमिनीवर टाळ, पाला, शेण, गवत अंथरून भाजावं लागतं; त्याशिवाय रोप धरत नाही, असा इकडचा शेकडो वर्षांचा अनुभव. 1878 च्या जंगल कायद्यानं डोंगर सरकारी झाले आणि टाळ तोडणं चोरी झालं. ठाणे-कुलाब्यात त्यावरून इतका असंतोष माजला, की 1885 साली सरकारला खास जंगल आयोग नेमावा लागला. काही सवलती आल्या, पण फॉरेस्ट गार्डही आला. "माझा बाप टाळाचा भारा घेऊन उतरला, की खाली गार्ड उभा," आजी सांगायची. "एक भारा, एक कोंबडी. कोंबडी नसली तर नाव वहीत." असा हा पणजोबा दरवर्षी चोर होई आणि दरवर्षी कोंबडी देऊन सुटे.

दुसरी चोरी मोहाची. चैत्रात पहाटे झाडाखाली मोहाची फुलं गळतात. आदिवासी बाया ती वेचतात, वाळवतात, उपासमारीच्या दिवसांत भाकरीत घालतात, आणि थोडी दारूसाठी ठेवतात. इंग्रज सरकारला अबकारीचं उत्पन्न हवं होतं. 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. झाडानं आपणहून टाकलेलं फूल परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा झाला. गरिबाच्या पोटाचा धंदा आधी गुन्हा ठरवायचा आणि मग गरीब गुन्हेगार निघाला म्हणून हळहळायचं, ही रीत आमच्याकडं इतकी जुनी आहे.

गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 ला तो गेला. त्या कायद्याच्या याद्या सरकारी दप्तरात होत्या, दुसरी यादी गावोगावच्या पाटलांच्या डोक्यात होती. कातकऱ्यांचं नाव या दुसऱ्या यादीत पक्कं. साहेबांनी लिहिलेल्या गॅझेटियरांतही कातकऱ्यांच्या दारिद्र्याशेजारीच त्यांच्या चोरट्या हातांचा उल्लेख येतो. ही जमात खैराच्या लाकडापासून कात काढणारी. खैर सरकारजमा झाला, कात गेला, तेव्हा ती कोळशाकडं आणि मजुरीकडं वळली. स्वतःची जमीन जवळजवळ कुणाकडंच नाही. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमाती अतिअसुरक्षित आदिवासी म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत माडिया गोंड आणि कोलामांबरोबर कातकरी येतात. आणि चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 25 सप्टेंबर 1930 ला पोलिसांच्या गोळ्यांनी जे पडले, त्यांतला एक नाग्या महादू कातकरी होता. आमच्या गावच्या चोरांच्या गोष्टींत नाग्याचं नाव मी कधी ऐकलं नाही. ते पुढं पुस्तकात भेटलं.

आता त्या दोन भाऱ्यांकडं येते. वहीतली ती नोंद आजोबा वाचायचे तेव्हा आजी दर वेळी काहीतरी पुटपुटायची. एकदा मी तिला धरूनच बसले. ती म्हणाली, "भारे नेले त्यानं, खोटं कशाला बोलू? पर आदल्याच आठवड्यात त्याच्या बायकोनं आपल्या खळ्यावर खावटी मापून टाकली व्हती. आषाढात मण नेलेला, कार्तिकात दीड मण. मापून झालं, पाटी झटकली आन् घरी गेली. घरात काय नेलं आसंल तिनं?"

खावटी म्हणजे पावसाळ्यात पोटासाठी उसनं घेतलेलं धान्य. आषाढ-श्रावणात कामं संपतात, कोठार रिकामं होतं, तेव्हा ज्याच्याकडं भात आहे त्याच्या दारात जायचं. परतफेड कापणीनंतर, सवाईनं किंवा दिढीनं. दिढी म्हणजे चार महिन्यांत पन्नास टक्के. पाटील आजोबांना मी विचारलं, की हे वहीत का नाही? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "अगं, तो व्यवहार. दोघं राजी होते. त्यात गुन्हा कुठला?" आजोबा वाईट नव्हते. रात्रीअपरात्री विंचू चावलेल्या वाडीवरच्या पोराला घेऊन कर्जतच्या दवाखान्यात धावलेले आम्ही त्यांना पाहिलं आहे. पण त्यांच्या वहीला दोनच रकाने होते, काय गेलं आणि संशय कुणावर. ज्याचं आधीच सगळं गेलेलं असे, तो दुसऱ्या रकान्यातच यायचा.

वाडीवरची एक म्हातारी आजीच्या वयाची. दोघी बांधावर बसून तासन्‌तास बोलायच्या. भट्टीची गोष्ट मी तिच्याकडूनच ऐकली.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम वाडीवर येतो. लग्न निघालेलं असतं, आजारपण झालेलं असतं, खावटी फेडायची असते. तो उचल देतो. कागद नाही, असलाच तर कोऱ्या जागेवर अंगठा. मग दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि वाडीच्या वाडी भांडी, कोंबड्या, कुत्री आणि पोरांसकट त्यात चढते. काही जण पनवेल, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही कोळशाच्या भट्टीवर. पूर्वी कोळसा इथल्याच डोंगरांत पाडला जाई. जंगल सरलं तसं मुकादम त्यांना घाटावर, गुजरातेत, कर्नाटकात नेऊ लागले. लाकूड तोडायचं, रचायचं, पाल्यामातीनं लिंपायचं, आग लावायची आणि मग दिवसरात्र राखण करायची. कुठं भोक पडून वारा शिरला तर लाकडाची राख होते आणि ती राख मजुराच्या नावावर मांडली जाते. धुरानं डोळे जातात, तळपाय पोळतात. कोळसा विझला की पोत्यात भरायचा. मुंबईतल्या हॉटेलांचे तंदूर त्यावर पेटतात.

आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते, तेवढीच. बाकी सगळा हिशेब हंगामाच्या शेवटी, शेठच्या वहीतून. म्हातारी सांगत होती, "माझ्या लग्नाला चारशे घेतले. मी भट्टीवर गेले, माझा पयला पोरगा तिथंच झाला. पाऊस आला की शेठ वही काढायचा. दरसाल आमच्याच आंगावर निघायचे. फिटले कधी? नवरा मेला तवा म्हनले, आता पोरगा फेडील." तिच्या पोराला शाळेत घातलं होतं. जूनमध्ये पट चढायचा, दिवाळीला उतरायचा. चौथीपर्यंत तो चार पहिली सत्रंच शिकला. तिनं हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी चिडले होते. तिला माझ्या चिडण्याचं नवल वाटलं.

या दोन वह्या, पाटलाची आणि शेठची, एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर दोन भाऱ्यांची चोरी आणि एका जन्माची चोरी शेजारी शेजारी लिहावी लागली असती.

पण सरकारी दप्तरातला गुन्हेगार पुढं हुतात्मा झाल्याचंही आमच्याच टापूत घडलं. माथेरानला 1912 साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, नाभिक समाजातले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकारीविरुद्ध शेतकऱ्यांना उभं करत, खेड्यापाड्यांत शाळा काढत ते कर्जत-मुरबाडच्या वाड्यांत फिरले. 1942 च्या आंदोलनात त्यांचा आझाद दस्ता भूमिगत झाला आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत त्यानं टाटांच्या वीजवाहिनीचे मनोरे पाडले. आजी तेव्हा परकर नेसणारी पोर. अनोळखी माणसांसाठी तिची आई रात्री भाकऱ्या भाजून गवताच्या गंजीत ठेवायची. सकाळी फडकं घडी करून ठेवलेलं असायचं. पोलीस आले, घरं झडली, पुरुषांना चोपलं. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीनं दस्त्याला गाठलं. दस्त्यातले हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथंच पडले. आज दर 2 जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात. त्या वर्षीच्या सरकारी दप्तरात ते फरारी आरोपी होते.

दस्त्यानं मनोरेच का निवडले, हे कळायला खोपोलीला जावं लागतं. 1915 साली टाटांचं वीजघर तिथं सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी नळांतून खाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची. 1922 मध्ये भिवपुरीचं वीजघर आलं. वीज करून झाल्यावर सुटणारं पाणी पाताळगंगेला आणि पेजेला मिळतं. कर्जतमध्ये त्याच पाण्यावर राजनाला कालव्यानं उन्हाळी भात पिकतं, हे उपकार खरेच. पण तारा वाड्यांच्या डोक्यावरून गेल्या आणि वाड्यांत कित्येक दशकं रॉकेलचा दिवा राहिला. ती वीज ज्या गिरण्या चालवायची, त्याच गिरण्यांत आमच्या घरचं माणूसही राबायचं: आजीचा भाऊ, लालबागला. एका खोलीत पाळ्या लावून झोपणारे गाववाले, खानावळीचं जेवण, आणि शनिवारी रात्री कर्जतची गाडी. त्या पैशानं आजीच्या माहेरची खावटी थांबली. कातकऱ्यांच्या वाडीतून गिरणीत कुणी गेलं नाही. ओळख काढून आत लावणारा तिथं त्यांचा कुणी नव्हता.

खोपोलीच्या आत्याच्या गोष्टी गिरण्या चालू असतानाच्या काळातल्या, नि जरा चटकदार. 1949 चा दारूबंदीचा कायदा आला आणि हातभट्टीला सोन्याचे दिवस आले. गूळ, नवसागर, डोंगरातला ओढा, रात्रीचा धूर. माल रबरी ट्यूबमध्ये भरायचा, पोटाला बांधायचा, वर लुगडं. "पहाटेच्या गाडीत निम्म्या बाया गरवार दिसायच्या," आत्या हसत सांगायची. मग हसू आवरून म्हणायची, "एकीची ट्यूब दादरला फुटली. पोलिसांनी तिला धरली. भट्टीचा मालक त्याच दिवशी साजगावच्या जत्रेत घोंगडी घेताना मी पायला." साजगावची बोंबल्या विठोबाची जत्रा कार्तिकीला भरते. सुक्या मासळीसाठी आणि घोंगड्यांसाठी अख्खा घाटमाथा नि कोकण तिथं उतरतं. आत्या तिथं सोडे-बोंबील घ्यायची नि कोण सुटलं, कोण आत गेलं, याच्या बातम्याही. आत जाणारी नावं नेहमी ट्यूब नेणाऱ्यांची असत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजीचा भाऊ गावाला आला तो परत गेलाच नाही. चाळीत राहिलेल्या मुलांपैकी काही टोळ्यांच्या नादी लागली, असं तो सांगायचा, आणि नाव घ्यायचं टाळायचा. गावाला त्यानं आपल्याच बांधावर राब भाजला. गिरणीतलं माणूस एका वर्षात पुन्हा आपल्या बापाच्या जागी येऊन उभं राहिलं. फरक एवढाच, की त्याला परत यायला चार खाचरं होती.

वाडीला तीही नव्हती. 1976 साली वेठबिगार पद्धत रद्द करणारा कायदा झाला. उचलीपोटी बांधलेल्या माणसाचं कर्ज त्या क्षणी मिटलं, आणि त्याला बांधून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असं त्यात आहे. वाडीवरच्या म्हातारीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग शेठला कुनी सांगितलं का?" कायदा आणि शेठ यांची भेट घडवायचं काम इथं संघटनांनी केलं. रायगडात सुरेखा दळवींनी श्रमिक क्रांती संघटनेतून कातकऱ्यांच्या जमिनीचा आणि बिगारीचा प्रश्न धसास लावला. कर्जत तालुक्यातच कशेळ्याला ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं वाड्यावाड्यांत धान्यबँका उभ्या केल्या. आषाढात वाडीनंच आपल्या कोठारातून धान्य उसनं द्यायचं, कार्तिकात थोडं जास्त घेऊन पुन्हा कोठारात टाकायचं. वाढावा सावकाराकडं न जाता वाडीतच राहतो. जिथं ही कोठारं चालली तिथं दिढी मोडली. आमच्या आजीनं हे पाहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला: "पयलं झालं आसतं तर ते भारे कशाला जाते?"

आता राहिली जमीन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला आणि खालापूर-कर्जतच्या माळांना भाव आला. फार्महाउस, रिसॉर्ट, दुसरी घरं. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या खासगी मालकाच्या जागेत वसलेल्या असतात. आज्यापणज्यांच्या काळी मालकानंच मजूर हाताशी असावेत म्हणून बसवलेल्या. सातबारावर वाडीची नोंद नाही, गावठाण नाही. जमीन विकली जाते, नवा मालक तारेचं कुंपण घालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं आपल्याच अंगणात अतिक्रमण करणारी ठरतात. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी 2013 मध्ये आलेल्या 'फायटिंग इव्हिक्शन' या पुस्तकात कातकऱ्यांची हीच बेदखली आणि तिच्याशी चाललेली झुंज मांडली आहे. कुंपणाच्या आत कॅमेरा असतो. त्यात नारळ नेणारं पोरगं दिसतं. वाडीची वाट कुणी अडवली, हे कॅमेऱ्यात येत नाही.

नोंद नसणं जिवावर बेतू शकतं, हे खालापूरनं 2023 साली पाहिलं. 19 जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वस्ती, रस्ता नाही, यंत्रं वर चढेनात. माणसांनी हातांनी माती उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ताच होती. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी इगतपुरीकडच्या कातकरी पाड्यांतली लहान मुलं एखादी मेंढी आणि थोड्या रुपयांवर मेंढपाळांकडं राबायला दिलेली आढळली होती. त्यातली एक मुलगी दगावली तेव्हा ते उघडकीला आलं. म्हणजे म्हातारीच्या चारशे रुपयांचा हिशेब अजून चालूच आहे, फक्त आकडा बदलला.

गरीब वस्तीत गुन्हे फार, असं आपण सहज म्हणतो. मुंबईच्या झोपडपट्टीबद्दल म्हणतो, कातकऱ्यांच्या वाडीबद्दल म्हणतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टींतून मला एवढं समजलं, की तिथं गुन्हे फार असतातच, पण त्यांतले मोठे गुन्हे वस्तीत राहणाऱ्यांनी केलेले नसतात, वस्तीवर झालेले असतात. गोष्टी सांगणाऱ्या पिढीला हे ठाऊक होतं. आजीला तर पक्कं ठाऊक होतं. लिहिणाऱ्यांनी तिला विचारलं नाही.

कर्जत-खालापुरात जागा बघायला येणारे वाचक आता पुष्कळ आहेत. त्यांना एकच सांगणं. सातबारा बघताना जागेवर वाडी आहे का ते पायी फिरून बघा, आणि असेल तर तिच्या गावठाणाचं काय झालं हे तलाठ्याला आणि वाडीवरच्या माणसांना, दोघांनाही विचारा. दिवाळीनंतर टेम्पोत चढणारी कुटुंबं दिसली तर उचल कुणाची आणि किती, हेही विचारा. वेठबिगारीची तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडं कुणालाही करता येते. ती बांधल्या गेलेल्या माणसानंच केली पाहिजे, अशी अट कायद्यात कुठंही नाही.